कोरडं वजन

माझ्या विषयात, प्रोग्रामिंगमध्ये, कॉन्स्टंट दुसऱ्या युनिटात येतो. पहिल्या युनिटात व्हेरिएबल शिकवायचं, म्हणजे बदलणारी किंमत, आणि पोरांच्या डोक्यात ते जरा बसतं न बसतं तोच सांगायचं की आता यातल्या काही किमती बदलायच्या नाहीत. जबलपूरला विजय नगरच्या एका खाजगी कॉलेजात मी हे बरीच वर्षं शिकवते आहे. घरी मराठी, वर्गात हिंदी, पडद्यावर इंग्रजी, आणि राग आला की तिन्ही एकदम. राग मला लवकर येतो. घमापुरातल्या आमच्या गल्लीत विचारा कोणालाही.

दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मैम, बदल सकते हैं तो लॉक क्यों करना?" प्रश्न रास्त आहे. मी सांगते, कारण मोठा प्रोग्राम एकटा माणूस लिहीत नाही. तुम्ही इथे बसून एक किंमत दुरुस्त केली, दुसऱ्यानं तिकडे बसून तीच दुरुस्त केली, आणि दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही, तर शेवटी काय निघेल ते कोणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून जे हलायला नको त्याला आधीच कुलूप घाला. कोणी हात लावला की कॉम्प्युटरच ओरडेल. "कोणाच्या बापाला" हे शब्द मी वर्गात नेहमी वापरायचे, पोरं हसायची. आता वापरत नाही.

बाबांना हा धडा भारी पसंत होता. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून पोटासाठी इकडे आले, बाबा इथेच जन्मले, इथेच शिकले, आणि एका संरक्षण कारखान्यात सारी नोकरी काढून निवृत्त झाले. सगळा जन्म हिंदीत गेला तरी घरातली बोली तिकडचीच, मले-तुलेवाली. कारखान्यात ते गेज-रूममध्ये होते. गेज म्हणजे माप तपासायची वस्तू. तयार झालेला पुर्जा त्यात बरोबर बसला तर पास, नाही बसला तर भंगारात. रोजच्या वापरानं गेजं झिजतात, म्हणून त्यांच्यावर एक मास्टर गेज असायचं. तेल लावून लाकडी पेटीत ठेवलेलं, उघड्या हातानं शिवायचंही नाही.

"मोठा साहेब आला तरी मी त्याले हात लावू देत नव्हतो," बाबा सांगायचे.

"म्हणजे तुमचं मास्टर गेज आणि माझा कॉन्स्टंट एकच."

"मग एवढ्याशा गोष्टीसाठी पोरं फी काहून देतात तुले?"

असं आमचं चालायचं. मी घरी आले की "आज काय शिकवलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी एकटीच लेक, लग्न केलं नाही, त्यामुळे जावई-नातवंडांच्या वाटची सगळी चौकशी माझ्या सिलॅबसला लागायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आल्याआल्या तिचं डोकं नका खाऊ!"

मग साखरेनं त्यांच्या किडन्या खाल्ल्या आणि आमच्या घरात डायलिसिस आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी. माझा वर्ग असायचा म्हणून आई त्यांना ऑटोनं सेंटरला घेऊन जायची, चार तास बाहेरच्या बाकावर बसायची आणि घेऊन यायची. दोघं डबा घेऊन जायचे, मुगाची पातळ खिचडी आणि मोजून दिलेलं पाणी. लघवी जवळजवळ बंद झालेली, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठायचं, आणि मशीन ते बाहेर ओढायची. दिवसभरात एक छोटी बाटली, बस. जबलपूरच्या मे महिन्यात एक छोटी बाटली! बाबा बर्फाचा खडा गालात धरून बसायचे आणि आमच्याकडे असं बघायचे की मला आमचा माठ फोडून टाकावासा वाटायचा.

या सगळ्या प्रकारात एक आकडा असतो, त्याला ड्राय वेट म्हणतात. कोरडं वजन. अंगातलं जास्तीचं पाणी सगळं निघून गेल्यावर माणसाचं जे वजन उरतं ते. पेशंट आला की त्याला काट्यावर उभं करतात. आजच्या वजनातून हा आकडा वजा केला की जे उरतं, तेवढं पाणी मशीननं काढायचं. बाबांचा आकडा अठ्ठावन्न होता. नागपूरहून महिन्यातून एक-दोन रविवारी येणाऱ्या किडनीच्या डॉक्टरांनी तो पहिल्याच भेटीत ठरवला आणि सेंटरच्या कॉम्प्युटरमध्ये भरला.

पहिल्या दिवशी मी सोबत गेले होते. टेक्निशियन चाळिशीतला, शांत माणूस. मी त्याच्या खांद्यावरून पडद्यात डोकावले तर त्या आकड्याचा रकाना करडा, कुलपाचं चित्र लावलेला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "ये हम लोग नहीं बदल सकते दीदी. सिर्फ डॉक्टर साहब के पासवर्ड से खुलता है." आधी म्हणे खुला होता. जो टेक्निशियन ड्यूटीवर असेल तो पेशंटकडे बघून अंदाजानं कमी-जास्त करायचा. एकदा एकानं सकाळी कमी केला, दुसऱ्यानं दुपारी आणखी कमी केला, आणि एक पेशंट मशीनवरच गेला. तेव्हापासून कुलूप.

मी त्याला म्हटलं, "बिलकुल सही किया है." मला बरंच वाटलं, खरं सांगते. इतक्या भीतीच्या जागी एक तरी गोष्ट माझ्या ओळखीची निघाली. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर तेही खूश. "मास्टर गेज हाय ते," म्हणाले.

वर्षभर ठीक चाललं. मशीनवरून उतरले की काटा अठ्ठावन्न दाखवायचा आणि बाबा घरात शिरतानाच जाहीर करायचे, "अठ्ठावन्न! तोळाभर इकडे नाही का तिकडे नाही." शेजारचे काका भेटायला आले तर त्यांनाही तेच. या वयात, या आजारात वजन जसंच्या तसं आहे म्हणजे माणूस खंबीर आहे, असं बाबांना वाटायचं, आईला वाटायचं, आणि मलाही वाटायचं. आई तर विहारातल्या बायांना सांगायची की माझ्या हातच्या जेवणानं वजन धरून ठेवलं.

त्या उन्हाळ्यात बाबांना आडवं झोपता येईना. झोपले की दम कोंडायचा, मग उठून उशा लावून बसायचे. बसल्याबसल्या पहाट व्हायची. आई म्हणाली उकाड्यानं असेल. कूलर त्यांच्या खाटेकडे वळवला. फरक नाही.

तेव्हाच माझ्या वर्गात दुसरं युनिट चालू होतं, आणि एका मुलीनं तो दुसरा नेहमीचा प्रश्न विचारला. "मैम, लिस्ट को फायनल किया था, फिर भी उसके अंदर का सामान बदल गया. एरर भी नहीं आया. कैसे?" चांगली मुलगी, डोकं चालतं तिचं. मी तिला समजावलं की कुलूप फक्त डब्याच्या नावाला आहे. या नावाच्या जागी दुसरा डबा ठेवता येणार नाही, एवढीच हमी. डब्यातलं पीठ काढून कोणी भुसा भरला तर भाषा एक शब्द बोलणार नाही. तिनं मान हलवली, मी फळा पुसला आणि स्कूटर काढून घरी आले.

घरी बाबा ओसरीवर बसून पँटच्या पट्ट्याला दाभणानं नवीन भोक पाडून राहिले होते. आधीच्या दोन नव्या भोकांच्याही आत.

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. गालांची हाडं वर आलेली, मनगट माझ्या मनगटाएवढं झालेलं, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल. मी हे रोज बघत होते आणि अठ्ठावन्न ऐकून गप्प बसत होते. खाली बसून मी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"काय करून राहिली वं?" बाबा म्हणाले.

मांस गेलं होतं आणि त्याच्या जागी पाणी भरलं होतं. काट्याला काय कळतं? त्याला अठ्ठावन्न ते अठ्ठावन्न. खरं कोरडं वजन कधीच खाली गेलं होतं, कुलपातला आकडा मात्र जागच्या जागी, आणि मशीन दरवेळी इमानदारीनं तेवढ्यावरच थांबत होती. दोन किलो तरी पाणी त्यांच्या अंगात कायमचं मुक्कामाला होतं. ते फुप्फुसात चढत होतं म्हणून माणूस आडवा होत नव्हता. मला त्या क्षणी इतका संताप आला की ओरडायला कोणी सापडेना. कोणावर ओरडू? वजन टिकलं म्हणून आम्हीच टाळ्या वाजवत होतो.

मंगळवारी कॉलेजला सुट्टी टाकून मी सेंटरवर गेले. टेक्निशियनला सगळं समजावलं, पट्टा दाखवला, घोटा दाखवला. त्याला पटलं. चेहऱ्यावरूनच कळलं की पटलं.

"दीदी, आप सही बोल रही हो. मगर सिस्टम नहीं लेगा."

"तो मशीन में हाथ से दो किलो ज्यादा डाल दो ना भैया."

"नहीं दीदी. इसी बात पे तो वो आदमी गया था. मेरे भी बच्चे हैं."

ज्या कुलपाची मी पाठ थोपटली होती, त्याच्याच समोर आता मी दात-ओठ खात उभी होते. पण त्याला शिव्या कशा देऊ? तो नियम पाळत होता, आणि नियम बरोबर होता.

तिथूनच नागपूरला डॉक्टरांना फोन लावला. माणूस सभ्य, मराठी बोलणारा. "ताई, पेशंट बघितल्याशिवाय ड्राय वेट कमी करत नसतो आम्ही. बीपी पडलं तर जिवावर येतं. मी रविवारी येतोय, तेव्हा बघू." मी म्हटलं, रविवारपर्यंत बसून झोपायचं का त्यांनी? ते म्हणाले, पाणी आणखी कमी करा. आणखी कमी! एका छोट्या बाटलीतून आणखी किती कमी करणार माणूस? मी आवाज चढवला आणि बाबांनी पलंगावरून ते सगळं ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. धाप लागत होती तरी पूर्ण रागावले.

"डॉक्टरले शिकवते काय? तुझ्या वर्गातला पोरगा हाय का तो?"

"बाबा, आकडा चुकीचा आहे."

"असंल. तो रविवारी येऊन पाहील. पण तू असा तमाशा करशील तर ते लोक मले उद्या बेड देणार नाहीत. पुन्हा फोन केला तर मी मशीनवर जायचाच नाही, सांगून ठेवतो."

बोलले की करणारा माणूस. पुन्हा फोन केला नाही. स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ मात्र सगळी मळमळ ओकली. तिला एकेक पायरी समजावली. "हे बघ आई. मशीन आजचं वजन घेते, त्यातून तो कुलूपवाला आकडा वजा करते, उरलं तेवढं पाणी काढते. तो आकडा तर कोणी बदलू देत नाही. आता बदलणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे काट्यावरचं वजन. आणि ते तर काटाच सांगणार." मी हे रागात बोलत होते, उपाय सांगत नव्हते. बाहेरच्या खोलीत बाबा उशांना टेकून बसले होते. गेज-रूममध्ये हयात काढलेला माणूस. ऐकत होते.

पुढे काय झालं ते मला आईकडून नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते. वाचणाऱ्याला अंधारात ठेवायची हौस मला नाही. बुधवारी मी कॉलेजला गेल्यावर बाबांनी शेजारच्या काकांकडून दोन किलो लोखंडाचे चपटे तुकडे मागवले. घमापुरात भंगाराची दुकानं पावलापावलावर. आईकडून आपल्या जुन्या जाड बंडीला आतून कप्पे शिववून घेतले, कमरेच्या बाजूला, दोन्हीकडे सारखे. काट्यावर ही बंडी घालून उभं राहायचं, वजन दोन किलो जास्त भरणार, मशीन दोन किलो पाणी जास्त काढणार. पलंगावर चढताना बंडी काढून आईच्या पिशवीत. उतरताना पुन्हा घालायची, म्हणजे काटा अठ्ठावन्न दाखवणार आणि कोणाला शंका येणार नाही. आकड्याला हात लावला नाही, टेक्निशियनची नोकरी गेली नाही, डॉक्टरांचा मान राहिला. आई आधी घाबरली. बाबा तिला म्हणाले, "पोरीनंच सांगितलं ना किती जास्त हाय ते? दोन किलो. मी काही मनानं घेऊन राहिलो का?" आणि मला सांगायचं नाही असं ठरलं, कारण मी घर डोक्यावर घेतलं असतं. घेतलंच असतं.

शुक्रवारी बंडी पहिल्यांदा गेली. त्या संध्याकाळी बाबा एका उशीवर आडवे झाले आणि झोपले. तोंड उघडं टाकून, घोरत. किती दिवसांनी तो आवाज घरात ऐकला! आई दारात उभी राहून नुसती बघत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं पाणी खरंच कमी प्याले असतील, बर्फही सोडला असेल. शनिवारी ते गल्लीच्या तोंडापर्यंत चालून आले. रविवारी डॉक्टर आले नाहीत, कुठलंतरी शिबिर निघालं त्यांचं.

बाबा बरे दिसत होते. पण आकडा चुकीचा होता तो चुकीचाच होता, आणि चुकीचा आकडा प्रोग्राममध्ये दिसत असताना मला चैन पडत नाही. हा माझा स्वभाव, पोटासाठी केलेला आणि मग अंगात मुरलेला. आज बरे आहेत, उद्या पुन्हा दम लागेल. फोन करायचा नाही असं बाबांनी बजावलं होतं, फोटो पाठवायचा नाही असं नव्हतं बजावलं. मी डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर सगळं पाठवलं. पट्ट्याची भोकं, मंगळवारचा घोटा, वर्षापूर्वीचा बाबांचा फोटो आणि आत्ताचा. खाली लिहिलं, डॉक्टर, हात जोडते. सोमवारी संध्याकाळी कॉलेजच्या जिन्यात उत्तर आलं. फोटो बघितले, तुमचं बरोबर दिसतंय, दोन किलो कमी करून टाकले आहेत, उद्यापासून लागू.

जिन्यातच मला रडू आलं. आनंदाचं. जिंकले होते मी.

येताना खोव्याची जलेबी घेतली, गरम, काळी, तुपानं निथळणारी. बाबांना चालत नव्हती, पण मला राहवेना. आई आणि मी खाल्ली, बाबांनी बोटानं पाक चाटला.

"आज जलेबी काहून?" त्यांनी विचारलं.

"सहज." फोटो पाठवले हे कळलं असतं तर पुन्हा रागावले असते.

"सहज?" ते हसले. आईकडे बघून हसले. आईही पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं माझ्या खादाडपणावर हसतात. मीही हसले. ती संध्याकाळ आमच्या घरातली फार सुखाची संध्याकाळ होती. ते दोघं माझ्यापासून आणि मी त्या दोघांपासून काहीतरी लपवून बसलो होतो, आणि तिघंही एकाच माणसाचा जीव वाचवून राहिलो होतो.

मंगळवारी दुपारी वर्गात असताना आईचा फोन आला. ती मला कॉलेजच्या वेळेत कधी फोन करत नाही. आईचा आवाज नव्हताच, टेक्निशियन बोलत होता. "दीदी, आ जाओ. जल्दी आ जाओ."

विजय नगरहून मी स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. पोचले तेव्हा बाबांच्या पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता आणि आई बाकावर पिशवी छातीशी धरून बसली होती. पिशवी जड होती, तिच्या हातांवरून दिसत होतं. मी तशीच पडद्याकडे धावले. टेक्निशियनच्या कपाळावरून घाम निथळत होता. तो सांगत होता, शेवटचा तास होता, अंकल मस्त गप्पा मारत होते, मग जांभया द्यायला लागले, मग पायात गोळे आले म्हणून ओरडले. बीपी घेतलं तर लागेचना. मशीन थांबवली, पाय वर केले, सलाईन सोडलं. "जितना निकाला था दीदी, सब वापस डाला. सब." छाती दाबली. बाजूच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले, तेही दाबत राहिले. बाबा परत आले नाहीत.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "आज सिस्टम में दो किलो कम दिख रहा था. नागपुर से किया हुआ. मैंने उतना ही लिया दीदी, भगवान कसम. इतने में इनको कुछ होना नहीं चाहिए था."

मला माहीत होतं कुठून केलेलं ते. घरी आणेपर्यंत, गल्लीतल्या लोकांनी खांदा देईपर्यंत, नर्मदेच्या ग्वारीघाटला अस्थींचं विसर्जन होईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, की माझा अंदाज चुकला. दोन किलो जास्तीचं नव्हतंच. माझ्या फोटोंनी माझा बाप मेला. मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही आणि आईला वाटलं पोरगी दुःखानं खात नाही.

जलदानाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी वंदना म्हटली, आम्ही सगळ्यांनी मिळून भांड्यात पाणी ओतलं, काठोकाठ भरून खालच्या ताटात सांडेपर्यंत. ज्याला एक घोट वाढवून मिळाला नाही त्याच्या नावानं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. उठले नाही.

लोक गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या मांडीवर ती बंडी होती.

"तुले एक सांगतो, रागावू नको," ती म्हणाली. आई बोलताना स्वतःला कधीकधी पुरुषासारखं "सांगतो" म्हणते, तिच्या माहेरी बाया तशाच बोलतात. आणि तिनं मला सगळं सांगितलं. लोखंड, कप्पे, काटा, पिशवी. सांगताना रडत होती, पण त्या रडण्यात कौतुक होतं. "तुझ्या बाबाचं डोकं पाह्य ना. शेवटचे चार दिवस कसा झोपला होता, पाह्यलं ना तू? लहान पोरावानी. मी शिवून दिलं म्हणून झोपला. तेवढं तरी माझ्या हातून झालं."

मी ऐकत होते आणि माझ्या आत गणित आपोआप होत होतं, थांबवता येत नव्हतं. आकडा दोन किलो खाली. काट्यावर दोन किलो वर. दोन्ही मिळून चार. जास्तीचे दोन शुक्रवारीच निघाले होते; मंगळवारचे दोन जास्तीचे नव्हतेच, ते रक्तातून निघाले. माझा अंदाज बरोबर होता. बाबांचा उपाय बरोबर होता. डॉक्टरांनी केलेला बदल बरोबर होता. एकाच चुकीची दुरुस्ती दोन ठिकाणी झाली, आणि दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही.

मी आईचा हात धरला. शिवणाच्या सुईनं टोचलेलं बोट अजून काळं होतं. ती लोखंडाबद्दल जाणत होती, आकड्याबद्दल नाही. दोन्ही गोष्टी एका जागी फक्त माझ्याकडे होत्या.

तेवढ्यात तिनं विचारलंच. "तू त्या डॉक्टरच्या मागं लागली होती ना वं. त्यानं केला काय मग तो आकडा कमी?"

तिनं सहज विचारलं होतं. डोळे पुसत, बंडीची घडी घालत.

"नाही आई," मी म्हटलं. "शेवटपर्यंत नाही केला."

"मेला," आई म्हणाली. "जीव गेला माणसाचा, पण त्याले फुरसत नाही झाली."

तेव्हापासून ती डॉक्टरांना शिव्या देते. भेटायला कोणी आलं की सांगते, त्यानं वेळेवर तो आकडा बदलला असता तर आमचा माणूस आज बसला असता. डॉक्टर भला माणूस आहे, दोनदा फोन आला होता त्याचा, मी उचलला नाही. आई बोलता बोलता थांबते, माझ्याकडे बघते आणि विचारते, "नाही बदलला ना वं त्यानं?" आणि मी म्हणते, नाही बदलला.